छबुबाईची साक्ष

हनुमानच्या खटल्यातून विजयसिंह निर्दोष सुटला, त्या दिवसापासून सत्यभामानं छबुबाईशी बोलणं टाकलं. छबुबाई तिची चुलत सासू. गोदाकाठच्या त्या गावात दोघींची घरं पाठीला पाठ लावून, पण सत्यभामा पाण्याला जायची ती वळसा घालून.

हनुमान सत्यभामाचा नवरा. नदीतून वाळू उपसणाऱ्या विजयसिंहाविरुद्ध तो गेवराईच्या तहसिलीत अर्जावर अर्ज द्यायचा. एका पहाटे वाळू वाहणाऱ्या हायवा ट्रकनं त्याला नदीच्या वाटेवर चिरडलं. पोलीस दुसऱ्या दिवशी आले, तोवर हायवा धुऊन पुसून लख्ख. कागदावर अपघात लिहिला गेला. सत्यभामा उपोषणाला बसली तेव्हा कुठं खुनाचं कलम लागलं. शेतात असलेल्या छबुबाईनं सगळं पाहिलं होतं, तसा जबाबही दिला होता. कोर्टात मात्र ती शपथेवर म्हणाली, मी काहीच पाहिलं नाही.

मग पुण्याहून आरोही आली. न्याय न मिळालेल्या खटल्यांवर ती पॉडकास्ट करायची. निकालपत्र तिनं अक्षर न् अक्षर वाचलं होतं.

"ताई, छबुबाई का फिरल्या, हे त्यांना कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. सत्यभामानंही नाही.

त्या संध्याकाळी ती आरोहीला घेऊन मागच्या दारी गेली. छबुबाई तूर पाखडत होती. सत्यभामाला पाहून तिचं सूप हातातच राहिलं.

"काकी, काहून फिरलात तुमी?"

छबुबाई तुरीतले खडे वेचू लागली. मग म्हणाली, "माझा बद्रीनाथ त्याच्याच गाडीवर डायवर हाय. विजयसिंह म्हन्ला, तू बोललीस तर गाडी तुझा पोरगाच चालवत होता असं दाखवू. ठाण्यातला जमादार बाजूलाच उभा होता. मान हलवत होता."

"मला सांगायचं तरी."

"तू बोलत कुठं होतीस बाई?"

आरोहीनं नाव घेणार नाही, आवाजही बदलू, असा शब्द दिला. सत्यभामानंही गळ घातली. छबुबाई बोलली. "हायवा अंगावरून गेला. पोरगं हात हलवत होतं. मग गाडी मागं आली, अन् परत गेली." सत्यभामानं हे पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हनुमान जागीच गेला.

पॉडकास्ट लाखो लोकांनी ऐकला. कुठले कुठले लोक हळहळले. गावानंही ऐकला. आवाज बदललेला होता, पण त्या पहाटे त्या शेतात दुसरं होतंच कोण? विजयसिंहानं बद्रीनाथला कामावरून काढलं. तो आईशी एक शब्द न बोलता ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला. पाठोपाठ विजयसिंहाच्या वकिलानं कोर्टात अर्ज टाकला: या बाईनं शपथेवर खोटं सांगितलं, तिच्यावर खटला भरा. ज्या पोलिसांना हनुमानच्या प्रेताकडे यायला दुसरा दिवस उजाडला होता, ते नोटीस घेऊन लगोलग दारात हजर झाले.

सत्यभामा बीडला सरकारी वकिलाकडे गेली. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "विजयसिंहावर यानं काही होणार नाही. मोबाईलवरचं बोलणं ते, त्यात अपिलाची मुदतही गेली."

"अन् काकीवर?"

"चौकशीला पुरेल एवढं आहे."

बाहेर येऊन तिनं आरोहीला फोन लावला. आरोहीचा आवाज रडवेला झाला. "मी वकील देते, ताई. यावर पुढचा भाग करू. लोकांना कळलं पाहिजे."

"लोकांला कळून झालंय. तू काकीचा भाग काढून टाक. मूळ आवाजातलं जे हाय तेबी पुसून टाक."

"ताई, हनुमानदादांबद्दल तेवढंच एक खरं बोललं गेलंय."

"माहीत हाय मला. पुसून टाक."

मग आरोही म्हणाली, "बरं."

तारखेला दोघी एकाच एसटीनं बीडला निघाल्या. वाटेत सत्यभामा छबुबाईला शिकवत होती, लहान पोराला पाढे शिकवावेत तशी. "साहेब इचारतील, हा आवाज तुमचा हाय का. तुमी म्हणायचं, न्हाई. दुसरं काही बोलायचं न्हाई."

"अन् हनुमान?"

सत्यभामानं तोंड खिडकीकडं वळवलं. "तुमी फकस्त न्हाई म्हणा."

कोर्टात छबुबाई पदर घट्ट धरून उभी राहिली आणि सांगितल्याप्रमाणे म्हणाली, "न्हाई, साहेब." तिच्याविरुद्ध दुसरं काहीच नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. विजयसिंह मागच्या बाकावर होता. त्यानं वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि हसला. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. आता ती गोष्ट कुणीच पाहिलेली नव्हती.

पायऱ्या उतरताना छबुबाईनं सत्यभामाच्या खांद्याचा आधार घेतला. "बरोबर बोलले ना गं मी?"

"बरोबर बोललात, काकी," सत्यभामा म्हणाली, आणि तिला धरून स्टँडकडं चालू लागली.