शोमारी दाजींचा चहा

आमच्या पांगानी बंदरात कुणी थापा मारायला लागलं की लोक ओरडतात, "चहा! सोबत चपाती पण आणा रे!" आणि तोंडावर स्पष्ट खरं सांगितलं की ते 'कोरडं'. माझे दाजी शोमारी यांच्याकडून कोरडं काही कुणी कधी ऐकलं नव्हतं.

बोटीवरची फेरी नसली की धक्क्यावर कॉफीवाल्याच्या बाकावर ते रोज बसायचे. शार्कनं नांगर गिळला, गाय बोटीमागे पोहत आली, असले किस्से. पण लोकांचा सगळ्यात लाडका किस्सा पेंबा बेटावरच्या बायकोचा. "लवंगांच्या बागेत घर आहे आपलं. मुलगी आहे, नाक डिट्टो माझं!"

शेजारीच माझी ताई, म्वाजुमा, कसाव्याच्या कंदाचे काप तळत असायची. सगळ्यात मोठ्यानं तीच हसायची. "अहो, आधी ही एक तरी धड सांभाळा!"

त्या शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून माणसं बाकावर जमली होती. बोटीतून उतरलेली एक मुलगी गाठोडं सावरत थेट तिथे आली.

"शोमारी इथेच बसतात ना? मी झुवेना, त्यांची मुलगी. पेंबाहून आलेय."

अख्खा बाक एका सुरात ओरडला, "चहा!"

"नको, बोटीत झाला माझा," ती संकोचून म्हणाली.

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. मीही हसले. वाटलं, दाजींनीच कुणाला तरी पढवून आणलंय. मग माझं लक्ष तिच्या नाकाकडे गेलं. दाजी उठून उभे राहिले होते. हातातली गरम कॉफी पायावर सांडत होती, पण त्यांना पत्ताच नव्हता.

"बाबा, माझं लग्न ठरलंय," ती म्हणाली. "तुम्ही आल्याशिवाय निकाह लावणार नाही, असं काझी म्हणतात. आई म्हणाली, जा, घेऊन ये."

ताईच्या हातातला झारा कढईत पडला. "अहो, तिला सांगा ना, चहा आहे म्हणून."

दाजींनी रिकामा कप बाकावर ठेवला.

"मग कोरडं सांगा. एकदाच."

"माझीच आहे ती," दाजी पुटपुटले. "तुला कितीदा तरी सांगितलं होतं मी."

बाकावर आता कुणी हसेना. ताई त्या मुलीकडे वळली. "तुझ्या आईला माझं माहीत आहे?"

"बाबा सांगायचे, पांगानीत एक बायको आहे, कसावा तळते, चिडली की झारा घेऊन अंगावर येते." मुलीनं गाठोडं छातीशी धरलं. "आम्हाला वाटायचं, चेष्टा करतात. आईच सगळ्यात जास्त हसायची."

ताई तिथेच वाळूत बसली. कढईतला कसावा जळून काळा झाला, तो मीच उतरवला.

सकाळी बघते तर ताई नवा कांगा, ते रंगीत छापील वस्त्र, गुंडाळून दारात उभी. "पोरीचं लग्न अडायला नको. मीही जाते." दाजी मान खाली घालून मागून चालत होते. ताईचं गाठोडं झुवेनानं तिला उचलू दिलं नाही.

लग्न लावून ताई एकटीच परतली. धक्क्यावर मी विचारलं, "कशी आहे गं ती, झुवेनाची आई?"

"चांगली आहे," ताई म्हणाली. "दोघींनी मिळून नारळ खवले. बोलायला काही सुचेचना." मग जरा थांबून म्हणाली, "वाईट असती तर बरं झालं असतं गं." आणि भर धक्क्यावर, सगळ्यांसमोर, माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती रडायला लागली.