नाकाखालची पन्हळ

रोकियाच्या जिभेला हाड नव्हतं, आणि धाकटा जमील तर तिच्या खोड्या काढायलाच जन्मलेला. थोरल्या बहिणीला ‘आलोंग’ म्हणावं, तर हा पठ्ठ्या ‘भोपळी’ म्हणायचा. तिच्या ताटलीतली तळलेली केळी पळवायचा. शुक्रवारी बांबूच्या बनापाशी त्यानं शेवटचं केळंही लांबवलं आणि तिचा पारा चढला.

"न्या रे कुणीतरी याला! माझी कटकट तरी जाईल!"

त्याच संध्याकाळी जमील नाहीसा झाला.

बनात बुनियन, म्हणजे एरवी न दिसणारे लोक राहतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. दिसायला माणसांसारखे, पाच वेळा नमाज पढणारे. चोरी कधीच करत नाहीत, दिलेलं मात्र घेतात. ओळखायची खूण एकच. नाकाखाली आपल्याला पन्हळ असते, त्यांचा ओठ सपाट असतो.

तीन दिवस पुरुष मंडळी नदी धुंडाळत होती. आईनं अन्न सोडलं होतं. रोकियाला खरं सांगायचा धीरच होईना. चौथ्या दिवशी ऊन कलल्यावर ती एकटीच बनात गेली. बांग ऐकली की बुनियन नमाजाला येणारच, पण मुलींनी बांग द्यायची नसते. तरी तिनं कानांवर हात ठेवले आणि रडक्या आवाजात बांग दिली.

बांबूंमधून पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, रांगा धरून उभी राहिली. पोरांच्या रांगेत सगळे जमीलच! तेच पुढे आलेले कान. नमाज संपताच रोकिया एकेकाच्या ओठावरून बोट फिरवत गेली. सपाट. सपाट. शेवटून तिसऱ्याच्या ओठावर बोट जरासं अडकलं.

"हा माझा!"

एक बुनियन म्हातारी पुढे आली. "आम्ही उचलला नव्हता, पोरी. तू दिलास."

"रागात बोलले हो, तोक आजी. चुकलं माझं."

"ने मग. पण चार दिवस आमचा भात खाल्लाय त्यानं. तो जेवढा तुमचा उरलाय तेवढाच मिळेल."

घरी आईनं त्याला पोटाशी धरलं ते सोडेचना. गावानं कौतुक केलं, किती गुणी झालं पोर! सांगितल्याशिवाय बसत नाही, वाढल्याशिवाय खात नाही.

रोकियानं मात्र केळ्यांची ताटली त्याच्या पुढ्यात सरकवली. "पळव की, चोरट्या!"

त्यानं ताटली अलगद तिच्याकडे परत सरकवली.

"भोपळी म्हण मला. एकदाच म्हण ना रे!"

"बरं, आलोंग," जमील अदबीनं म्हणाला. "भोपळी."