सासूनं सांगतलेलं दुखणं

भिलाईच्या कॅम्पात घरी मरद माणूस नाही, असा टाइमच नव्हता. लोखंडाचा प्लांट उभा होऊन राहिला होता, तीन शिफ्टा चालत. एक ड्युटीवर गेला का दुसरा येऊन खाटेवर पडे. गावी महिन्याचे कपडे गोठ्यामागं कुपाटीवर वाळत, कोणी पाहे नाही. इथं वाळवाचे कुठं? माह्या शेजारची रुक्मा ते सरपणामागं कोंबून ठेवे. ओले ते ओलेच, तेच पुन्हा घ्याचे. ते पाहून मले रागच ये, पण सगळ्याच बाया तेच करत.

एका साली रुक्माले दिवस गेले आन् तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. सासूनं, गयाबाईनं, बजावलं, "कोणाले सांगू नको. भाऊरावलेही नाही." भाऊराव रुक्माचा नवरा, काँक्रीटच्या कामावर होता. त्याले वाटलं, पाळी असन.

काही दिवसांनी रुक्मा नळावर माह्याजवळ सरकली. "शकूबाई, पोट पडलं तवापासून खालून लय घाण वास येते वं. तापही भरते."

"अवं, मंग दवाखान्यात चाल नं! मरतं का?"

गयाबाई सोबत आलीच. सासूसमोर सुनेनं तोंड उघडाचं नाही, हे आमची रीत. डॉक्टरनं विचारलं, "क्या तकलीफ है?"

"बासी खाया साब, पेट बिगड़ गया," गयाबाई बोलली.

डॉक्टरनं रुक्मालेच पाळीचं विचारलं, "माहवारी ठीक है?" तिनं सासूकडं पाहलं.

"सब ठीक है," सासूच बोलली.

मी दारातून ओरडली, "साब, झूठ है!" तं चपराशानं मलेच बाहेर काढलं. पोटाच्या गोळ्या घेऊन आलो.

रस्त्यात मी गुपचूप रुक्मावर भडकली. "जीव तुहा हाय का सासूचा?"

"आत्याबाईसमोर कशी बोलू? आन् तो डॉक्टर बाप्या माणूस."

"मंग उद्या नर्सकडं जाऊ. सासू बजारात गेली का निघू." ती हो म्हणाली.

उजाडलं तं रुक्मा बरळत होती. भाऊरावनं तिले ठेल्यावर टाकून नेलं. नर्सनं लुगडं सारून पाहलं आन् कपाळावर हात मारला. "इतने दिन क्या कर रहे थे?" विष अंगभर पसरलं होतं. दुपारी रुक्मा गेली.

दहावं झाल्यावर भाऊराव माह्या दाराशी येऊन बसला. "शकूबाई, तिले झालं काय होतं? माय म्हणते, ताप."

मी काही लपवलं नाही. पोट पडलं ते, ओले कपडे, वास, सगळं त्याच्या तोंडावर सांगतलं. तो लेकरासारखा रडाले लागला. "माहं लेकरू होतं, हेही मले माहीत नाही? ती रोज माह्यापुढं ताट ठेवे. एक शब्द तरी सांगाचा!"

गयाबाई मागून येऊन उभी होती. डोळे तिचेही सुजले होते.

"माह्या सासूनं मले असंच शिकवलं, बाबू," ती म्हणाली. "यानं माणूस मरते, हे मले कोणी सांगतलं?"

मी तिले शिव्याच देणार होती. आता कोणाले देऊ?