दोन पेरं खोल

ताईने खुरप्याच्या मुठीने काचेवर तीनदा हाणलं तेव्हा कुठे मी ब्रेक दाबला. ती ट्रॅक्टरच्या बाजूने पळत आली होती. डोक्याचा रुमाल मानेवर घसरलेला, तोंड लालबुंद. मी केबिनचं दार उघडलं. तिची शिवी मला आधी दिसली, मग ऐकू आली.

"शिट्टी वाजतेय रे मेल्या! केव्हाची वाजतेय! मला बाहेर ऐकू येते आणि तू आत ढिम्म बसलायस!"

समोरच्या पडद्यावर लाल ठिपका उघडझाप करत होता. मागच्या पेरणी यंत्राला छत्तीस नळ्या. त्यातली सातवी चोंदली होती. मी वळून पाहिलं. दोनशे पावलं तरी एक ओळ मी रिकामीच पेरत आलो होतो.

"मॅनेजरसाहेबांनी बघितलं?"

"साहेब त्या टोकाला फोनवर आहेत. उतर, नळी मोकळी कर. मी हाताने टाकते बी."

पेटीतून ओंजळभर बियाणं घेऊन ती मागे गेली आणि त्या रिकाम्या ओळीवर उकिडवी बसत, सरकत, खुरप्याने रेघ ओढत बी टाकू लागली. अठ्ठावन्न वर्षांची बाई. माझ्या बहिरेपणावर माती ओढत होती.

हो, बहिरेपणा. दुसरा सभ्य शब्द मला येत नाही.

या फार्मवर मी तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. इथे मला नावाने कुणी हाक मारत नाही, ओळंबा म्हणतात. गवंड्याच्या ओळंब्यासारखी माझी ओळ सरळ असते म्हणून. त्यात जादू काही नाही. शेताच्या त्या टोकाला एक खांब धरायचा आणि नजर त्यावरून हलवायची नाही. मागे वळून बघितलं की ओळ वाकडी झालीच. मागचं कानांनी बघायचं असतं. नळी चोंदली, फाळात दगड अडकला की आवाज बदलतो. डोळे पुढे, कान मागे. ड्रायव्हरी म्हणजे एवढंच.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरला केबिन नव्हती. धुराचा पाइप माझ्या उजव्या कानापासून दोन हातांवर. तीस वर्षं तो कानात ओरडला. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग शिट्ट्या, मग बायकांचे बारीक आवाज. जाडे आवाज उरले, तेही समोर तोंड असेल तर. वर्षातून एकदा तपासणी व्हायची. डॉक्टर समोर बसून विचारायचा, "ऐकू येतं ना?" त्याच्या ओठांकडे बघून मी म्हणायचो, "येतं." ठप्पा. पुढचा!

तरी माझं चाललं होतं. जुन्या ट्रॅक्टरची खुर्ची लोखंडी, नळी चोंदली की तिची थरथर बदलायची. माझं बूड माझ्या कानांपेक्षा शहाणं होतं. आणि मागे ताई होती. यंत्रामागून चालत जायचं, दर शंभर पावलांवर माती उकरायची आणि बी किती खोल गेलं ते बोटाने मोजायचं, हे तिचं काम. दोन पेरं खोल गेलं पाहिजे. बरोबर असलं की ती हात उंच करून दोन बोटं दाखवायची. मला आरशात दिसायची.

ताई सोडली तर हे कुणाला माहीत नव्हतं. माहीत झालं तर काय होतं ते आम्ही दोघांनी बघितलं होतं. माझ्याआधीच्या ड्रायव्हरचे कान गेले, तर त्याला फाटकावर बसवलं. वर्षभरात तिथूनही काढलं. कारण काय, तर गाड्यांचे भोंगे त्याला ऐकू येत नाहीत! असा इथला न्याय. कान आम्हीच घेणार आणि कान नाहीत म्हणून हाकलणारही आम्हीच.

यंदा छत्तीस नळ्यांचं नवं यंत्र आलं. जुन्या ट्रॅक्टरला ते हलवेना. मग दोन कंपन्यांनी दोन धिप्पाड ट्रॅक्टर आणून उभे केले: एक आठ चाकांचा, दुसरा चाकांऐवजी रणगाड्यासारखे रबरी पट्टे असलेला. दोन-दोन दिवस चालवून बघायचे आणि एक ठेवायचा. धाकटे मालक माझ्याकडे बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "काका सांगतील तो." हे मालक लहानपणी माझ्या मडगार्डवर बसून पेंगायचे. पडू नयेत म्हणून मी एका हाताने धरून ठेवायचो.

आठ चाकांचा मोठमोठ्याने गुरगुरायचा. त्याची केबिन खिळखिळी, सगळी थरथर पाठीत यायची. मला घरच्यासारखं वाटलं. पण खालच्या ओल्या पट्टीत गेला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

पट्ट्यांचा त्याच पट्टीतून मांजरासारखा गेला. मागे ठसा म्हणावा असा नाही. पण केबिन म्हणजे बरणी, झाकण लावलं की जग बंद. खुर्ची हवेवर तरंगणारी. त्या खुर्चीने माझं बूडही बहिरं केलं. राहिली ती शिट्टी, आणि तिने काय केलं ते सांगितलंच.

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर नळावर हात धुताना ताईने विचारलं, "उद्या काय सांगणार आहेस?"

"पट्ट्यांचा चांगला आहे."

"चांगला कुठला ते मी विचारलं नाही. तू काय सांगणार ते विचारलं."

मी पुन्हा हात चोळू लागलो.

"त्या बरणीत तू आठ दिवस टिकायचा नाहीस," ती तोंड माझ्याकडे करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "रोज रोज काचा बडवायला मी काय पळतच राहू? गुडघे बघ माझे. फाटकावरचा आठवतो ना?"

"खालची पट्टी ओली आहे, ताई."

"ओली आहे तर वाळेल. तू आधी स्वतःचं बघ. तीस वर्षं दुसऱ्याचं बघितलंस."

दोष तिचा नाही. तोंड माझं होतं.

सकाळी ऑफिससमोर मालक, मॅनेजर, दोन्ही कंपन्यांची माणसं जमली. मी म्हणालो, "आठ चाकांचा ठेवा. पट्टे वळताना माती ओरबाडतात. ऐन हंगामात पट्टा फाटला तर इथे कोण शिवणार? चाकाचं काम आपल्या फिटरला येतं." एकेक कारण खरं होतं. खोटी भिंत बांधायलाही खऱ्याच विटा लागतात.

मॅनेजर कागदात बघत म्हणाला, "पण ओल्यात घसरला होता ना?"

"वजन बांधू चाकांना. मग नाही घसरणार."

"काका म्हणतात म्हणजे झालं," मालक म्हणाले. पट्ट्यांचा ट्रॅक्टर दुपारी ट्रेलरवर चढून गेला. मी बघायला गेलो नाही.

वजन बांधल्यावर चाकं घसरली नाहीत. माती चेपून दगड झाली, आणि चाकामागच्या नळ्यांचे फाळ त्या दगडावरून वरच्यावर घासत निघाले. पहिल्या दिवशी दहा वाजता मी आरशात बघितलं, तर ताईचं एकच बोट वर. एक पेर. मी थांबलो. आम्ही फाळ खाली दाबणाऱ्या स्प्रिंगा आवळल्या. पुन्हा एक बोट. आणखी आवळल्या. पुन्हा एक.

ती खिडकीपाशी आली. "चाकांच्या वाटेत एकच पेर जातंय. बाकी ठीक."

"मग?"

तिने रोजचा कागद काढला. बी किती खोल गेलं ते त्यावर लिहून संध्याकाळी ऑफिसात द्यायचं असे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांबाकडे पाहिलं. नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आरशात दोन बोटं दिसू लागली. पुढचे दहा दिवस दोन बोटं. मी एकदाही विचारलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, ते असं.

तीन आठवड्यांनी उगवण झाली आणि झाकलेलं सगळं मातीतून वर आलं. हिरव्या शेतात चाकांच्या वाटांवर विरळ, पिवळट पट्टे पडले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरच्या मातीतलं बी कोरडं पडलं होतं. राहिलेलं पाखरांनी टिपलं होतं. पाखरं आली असणार, ओरडलीही असणार.

मॅनेजर आयुष्यात पहिल्यांदा गुडघ्यावर बसला. बोट घातलं. एक पेर. मग खिशातून ताईचे कागद काढले. अकराही कागदांवर दोन.

"हे काय आहे?" त्याने ताईला विचारलं.

"चूक झाली साहेब. म्हातारी झाले. मोजायला चुकले."

"अकरा दिवस?"

"अकरा दिवस."

मालकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काका, तुमच्या लक्षात नाही आलं?"

ताईचे डोळे माझ्यावर होते. गप्प राहा, असं ते सांगत होते. आणि आणखीही काहीतरी सांगत होते, जे मला वाचायचं नव्हतं.

"मी पुढे बघत होतो," मी म्हणालो.

ताईला त्याच संध्याकाळी काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरच्या खिडकीत ती खुरपं जमा करताना दिसली. मूठ तिच्या हाताने झिजून बारीक झालेली. स्टोअरकीपरने ते उलटंसुलटं केलं, म्हणाला, "हे काय द्यायचं आता दुसऱ्याला?" आणि भंगाराच्या पेटीत टाकलं. त्याचा आवाज झाला असेल. मला पेटी हललेली दिसली फक्त.

मी तसाच ऑफिसात गेलो. मॅनेजर कपाटाकडे तोंड करून काहीतरी शोधत होता. त्याचे खांदे हलले, मान हलली. म्हणजे तो बोलत होता. अशा वेळी माझी एक युक्ती होती. थांबायचं, माणूस वळला की चेहरा बघायचा आणि "होय साहेब" म्हणायचं. तीस वर्षांतल्या निम्म्या गोष्टींना मी न ऐकताच होय म्हणालो आहे.

"साहेब, इकडे तोंड करून बोला," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही."

तो वळला. आतल्या खोलीतून मालकही आले.

"कधीपासून?" मालकांनी विचारलं.

"तुमच्या जुन्या ट्रॅक्टरपासून. शिट्टी मला ऐकू येत नव्हती, म्हणून मी पट्ट्यांच्या ट्रॅक्टरला नाही म्हणालो. तो चांगला होता. ताईने पहिल्याच दिवशी एक बोट दाखवलं होतं, मी ते बघितलं होतं. पुढचं खोटं माझ्यासाठी होतं."

मालक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग हळू, ओठ नीट हलवत म्हणाले, "काका, मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर फाटक. आणि मग फाटकाबाहेर."

त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर काही बोलले असतील तर ते मला समजलं नाही. मॅनेजरचं मात्र समजलं. त्याने तोंड माझ्याकडेच ठेवलं होतं. खोटा कागद तो खोटाच, बाईला परत घेता येणार नाही. मी टेबलावर ट्रॅक्टरची किल्ली ठेवली. परत उचला, असं कुणी म्हणालं नाही.

ताई फाटकापाशी थांबली होती. मी काय करून आलो ते तिला माझ्या रिकाम्या हाताकडे बघून कळलं असावं.

"झालं समाधान?" तिने विचारलं. "माझी गेली ती गेली, आता तुझीपण. अक्कल नाही ती नाहीच."

आम्ही शेताच्या कडेने निघालो. अर्ध्या वाटेत ती थांबली, विरळ पट्ट्यात उतरली आणि सवयीने कमरेला चाचपलं. खुरपं नव्हतं. मग नखांनीच माती उकरून तिने बोट आत घातलं. मी वाटेवर उभा राहून ते विरळ पट्टे बघत होतो. पार टोकाच्या खांबापर्यंत गेले होते. एकही वाकडा नव्हता.

ताईने हात उंच करून एक बोट दाखवलं. मी मान हलवली.