बंद पदकाची फीत

"चहा निवून राहिला, भाऊजी," यशोदाबाई म्हणाल्या.

अल्लाबक्षने कप उचलला. विचारायचं ते वाक्य वसमतपासून एसटीत घोळवत आणलं होतं. पुसेगावला मसाजीच्या ओट्यावर बसल्यावर मात्र त्याने आधी पिकापाण्याचीच चौकशी केली. मसाजीला जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि आपण त्याच्या बायकोकडे मागायला आलो, याची त्याला लाज वाटत होती.

तो आणि मसाजी एकाच पोलीस ठाण्यातून निवृत्त झालेले शिपाई. कयाधूच्या पुरात अडकलेल्या एसटीतून दोघांनी माणसं बाहेर काढली, दोघांनाही शौर्यपदक मिळालं. पुढे सरकारने ते पदक बंद करून दुसरं काढलं. जिल्ह्यात जुनं पदक लावणारे हे दोघेच उरले. सव्वीस जानेवारीला हिंगोलीच्या परेडला शेजारीशेजारी बसायचे, एकमेकांची पदकं सरळ करायचे आणि नव्या साहेबांना मनसोक्त नावं ठेवायचे. यंदा अल्लाबक्षच्या पदकाची फीत विरून तुटली. पोलिसांचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने हात वर केले. बंद पदकाची फीत ठेवणार कोण?

"वहिनी, मसाजीच्या पदकाची फीत देता का?" तो एकदाचा बोलला. "परेडपुरती. परत आणून देतो."

यशोदाबाई म्हणाल्या, "त्यायच्या छातीवर लावूनच नेलं हो. पदक तेवढं राखंत सापडलं. फीत कुठून ऱ्हाईल?"

"माफ करा, वहिनी. काहून इचारलं मी!" तो उठायलाच लागला.

"बसा की." त्यांनी आतून जुन्या लुगड्याचा निळा काठ आणला. त्याच्या खिशातलं पदक मागून घेतलं, काठ दुमडून टाके घातले. "रंग बराबर न्हाई. वळखू येईल का कुनाला?"

"साहेब लोकांला लगीच येईल."

नकली पदक लावून आला असं कोणी म्हणालं तर? या धास्तीने परेडच्या दिवशी तो छातीवर हात धरूनच बसला. नवे अधीक्षक आले, त्याचा हात बाजूला करून पदक पाहिलं, "बहोत अच्छा" म्हणाले, फोटो काढून पुढे गेले. मागचे दोन फौजदारही हात मिळवून गेले. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

अल्लाबक्षने मग हात छातीवर नेलाच नाही. आता कोणीतरी ओळखावं असं त्याला फार वाटायला लागलं. मसाजीने ही फीत फाटकातूनच ओळखून आरडाओरडा केला असता.

शेवटी त्याने मसाजीच्या खुर्चीवर बसलेल्या तरुण हवालदाराला फीत दाखवली. "ही फीत चुकीची हाय, बाबा."

हवालदार वाकून बघत हसला. "छान दिसून राहिली की, चाचा."