दगड सरकलाच नव्हता

सकाळी अकराला शाळेच्या मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर ढकलबाबा दोन्ही तळवे आभाळाकडे करून, बंद पडलेली गाडी चढावर रेटावी तसे दातओठ खात उभे होते. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहाला ते म्हणे ढकलत होते. मग घाम पुसून त्यांनी सांगितले, की परवापर्यंत हा दगड पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरवरून जाणार होता, काल ढकलल्यावर चार लाखांवरून जाणार असे झाले, आज पाच. रडार केंद्राच्या संकेतस्थळावर हेच आकडे होते. लोकांनी हात जोडले.

पहिल्या रांगेत एक शिंपी होता, लहानपणापासून इन्सुलिनवर. सुईने अंगातला जोर गळतो, दगड हटतो तिथे साखर काय चीज, असे बाबांनी सांगितल्यापासून त्याने तीन दिवस सुई घेतली नव्हती.

त्याची धाकटी बहीण त्याच केंद्रात अभियंता. तीन दिवसांची पाळी संपवून ती संध्याकाळी घरी आली, तेव्हा दादा उलट्या करत होता, धापा टाकत होता. वहिनी सांगून थकली होती.

"दादा, दगड कोणी ढकललेला नाही."

"तूच लिहिलंस ना, बारके? अंतर वाढले म्हणून. बाबांनी वाचून दाखवलं."

लिहिले होते खरे. रोजच्या टिपणात 'अंदाज सुधारला' असे हवे होते. केंद्रात सगळे बोलतात तसे तिने घाईत 'अंतर वाढले' लिहिले. तिने समजावले, की दुर्बिणीतल्या ठिपक्यावरून दगडाची वाट अदमासेच कळते. रडारची लहर सध्या अठरा लाख किलोमीटर लांब असलेल्या दगडावर आपटून बारा सेकंदांनी परत येते, त्यावरून माप पक्के होते. दगड आपल्या वाटेनेच चाललेला असतो.

"टेपने नीट मोजलं म्हणून कापड वाढतं का, दादा?"

"वाढलं असतं तर माडी बांधली असती," तो हसला आणि रुग्णालयात यायला तयार झाला.

तिथे बाबांचे ऐकून औषध सोडलेले आणखी दोघे आधीच दाखल होते. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगून रोज अकराच्या आधी लागणारे टिपण दुपारी दोनपर्यंत रोखले. अकराला बाबा ध्यानात गेले. लोक उन्हात ताटकळले. दोनला टिपण लागले. दोन वाजून दहा मिनिटांनी बाबांनी दगड ढकलला आणि टिपणातलाच आकडा सांगितला.

ती मंचावर चढली. टिपण कोणी रोखले ते तिने सांगितले आणि बाबांना उद्याचा आकडा आजच विचारला.

"देवाची परीक्षा घेऊ नये, बाई."

"मी तुम्हाला विचारतेय. दोनपर्यंत कुणाची वाट बघत होतात?"

शिष्याच्या मोबाइलवर केंद्राचे संकेतस्थळ उघडेच होते. पुढच्यांनी ते पाहिले, मागच्यांना सांगितले. मैदान गुपचूप रिकामे झाले.

पाचच्या सुमारास रुग्णालयात दादाने प्राण सोडला.

दगड ठरल्या वेळी निघून गेला. बहीण आता शाळाशाळांतून बोलते. आधी स्वतःची चूक सांगते, मग बाबांची लबाडी. शेवटी म्हणते, "औषध सोडा असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे विचारा, तुम्हाला हे कसं कळलं? मी काही सांगितलं, तरी मलाही विचारा. माझ्या दादानं मला विचारलं, पण तीन दिवस उशिरा."