पाटावरचा ऑइल फिल्टर

मित्रांनो, मी एक जुना ऑइल फिल्टर आहे. जुना आहे, पण झिजलेला नाही. माझं काम एका दुपारी सुरू झालं आणि त्याच दुपारी संपलं. ते कसं, हे सांगताना अजून वाईट वाटतं.

मी पत्र्याचा एक डबा. पोटात घड्या घातलेला कागद, तोंडाशी भोकं आणि त्यांच्याभोवती रबराचं कडं. मोटारीच्या इंजिनातलं तेल मी गाळतो. तुमच्या घरची चहाची गाळणी करते तेच काम, फक्त माझ्या चहाला कुणी नावं ठेवत नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत बंद होतो, चकचकीत होतो, आणि आता आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार या आनंदात होतो.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून हिंदुरावांनी मला विकत घेतलं. हिंदुराव कोथरूडचे, विमा कचेरीत नोकरीला. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेला माणूस! वस्तू आज मिळते आहे तर उद्याही मिळेल, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. म्हणून त्यांनी फिल्टर दोन घेतले. माझा जोडीदार लगेच त्यांच्या चौकोनी पेट्रोल गाडीला बसला. मला ते म्हणाले, "तू राहा अडीअडचणीला."

मी राहिलो. गॅलरीतल्या कपाटात राहिलो. तिथे दुपारभर ऊन यायचं आणि पावसाळ्यात भिंतीला ओल. तरी पिशवीत होतो तोवर माझं बरं चाललं होतं.

मग दसरा आला. हिंदुरावांनी गाडी धुतली, पाना, पक्कड, जॅक पाटावर मांडले आणि पिशवी फाडून मलाही त्यांच्या शेजारी बसवलं. तोंड वर करून! त्यांची छोटी नम्रता पुढे आली. "बाबा, याला मी लावू?" तिने इवलंसं बोट कुंकवात बुडवून माझ्या कड्याला लावलं. वर हळद, फुलाने शिंपडलेलं पाणी आणि मूठभर अक्षता. काही दाणे माझ्या भोकांतून आत गेले. कुसुमताई, म्हणजे नम्रताची आई, हात जोडून म्हणाल्या, "गाडीला सांभाळ रे बाबा."

खरं सांगतो, तेव्हा मी सुखावलो. इतका मान कुठल्या फिल्टरला मिळतो? पण पूजा झाल्यावर मी तसाच उघडा, ओला, कपाटात परत गेलो. पुढच्या दसऱ्याला पुन्हा पाट, पुन्हा पाणी. नम्रताचं बोट मोठं होत गेलं आणि माझ्या पोटातला कागद दमट होत गेला. कड्याचं रबर सुकून कडक झालं. बाहेरून मात्र हिंदुराव मला दरवर्षी पुसून लख्ख करत.

मला का वापरलं नाही? चांगली वस्तू राखून ठेवायची असते ना! तेल बदलायची वेळ आली की ते नवा फिल्टर आणत. बाहेर तऱ्हेतऱ्हेच्या नव्या गाड्या आल्या, कोथरूडच्या रस्त्यांवर आमच्यासारखी गाडी दिसेनाशी झाली. शेवटी दुकानदारानेच सांगितलं, "तो माल बंद झाला हो. किती दिवस चालवणार आहात ती?"

नम्रता शिकली, हडपसरला आयटी कंपनीत लागली, तिचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "बाबा, माझी पाठवणी आपल्याच गाडीतून हं. तुम्हीच चालवायची." हिंदुरावांनी शब्द दिला. लग्नाच्या आधी त्यांनी स्वतः तेल बदललं आणि मला कपाटातून काढलं. "इतकी वर्षं पूजा केली ती याच दिवसासाठी," ते म्हणाले. मित्रांनो, मला रडायला येत असतं तर मी रडलो असतो. अखेर माझी पाळी आली होती!

पाठवणीच्या दुपारी गाडी नम्रताच्या सासरी, शिरवळच्या वाटेला लागली. मागे नवरानवरी आणि पाठराखीण म्हणून मुक्ताआत्या. कात्रजचा घाट चढताना तेलाचा जोर वाढला आणि माझं कडं तडकलं. मी धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. तेल गळत राहिलं. हिंदुरावांच्या समोर तेलाचा लाल दिवा लागला.

"थांबू का जरा?" हिंदुरावांनी विचारलं.

"पाठवणीची गाडी मध्ये थांबवू नये रे दादा," मुक्ताआत्या म्हणाल्या. "घाट तेवढा उतर."

ते थांबले नाहीत. थोड्याच वेळात इंजिन खडखडलं आणि जाम झालं. नम्रता रस्त्यावर उतरली, मुंडावळ्या सावरत वऱ्हाडाच्या नव्या गाडीत बसली. तिने काच खाली करून हात हलवला. हिंदुराव बंद गाडीजवळ उभे राहून हात हलवत राहिले. ती गाडी बदलत असताना वऱ्हाडातलं कुणीतरी हसून म्हणालं होतं, "हौस होती खटाऱ्याची!" ते त्यांनी ऐकलं होतं.

गॅरेजवाले कादरभाई गाडी ओढून घेऊन गेले. त्यांनी मला काढून उलटं केलं. माझ्या पोटातून गंजाचं पाणी निघालं आणि त्यामागोमाग काळे पडलेले दाणे त्यांच्या तळहातावर पडले.

"साहेब, यात तांदूळ कुठून आले हो?"

 हिंदुरावांनी ते दाणे उचलले आणि खिशात टाकले. इंजिन दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. गाडी भंगारात गेली. मला त्यांनी कागदात गुंडाळून घरी आणलं, का ते मला कळलं नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल तर तिला बंद ठेवा, कोरडी ठेवा, उन्हापासून दूर ठेवा. आणि वेळेवर वापरा! तिच्यावर माया करा, पण माया करताना तिला काय सोसतं तेही बघा. माझ्यासाठी हे सांगून आता काही उपयोग नाही.

परवा दसरा होता. नम्रता माहेरी आली होती. कुंकवाचा करंडा घेऊन ती पाटाजवळ बसली आणि इकडेतिकडे शोधू लागली. मी तिच्या मागेच, भंगारवाल्यासाठी भरलेल्या पोत्यात होतो.

"बाबा, माझा फिल्टर कुठे आहे?"

गाडी कशाने बंद पडली, हे त्यांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. आजही त्यांनी मान वर केली नाही.

"वापरला गं," हिंदुराव म्हणाले.

जन्मभर मी हाच शब्द ऐकायला थांबलो होतो.